डिग्ना मारूगोचा शुक्रवार

“शुक्रवारी समुद्र बंद असतो,” डिग्ना मारूगोने नातवंडांना सांगितलं होतं.

रविवारी पोस्ट बंद असतं असं सांगावं तितक्या सरळ आवाजात. मी तेव्हा तिच्या दारात उभी होते, पपईच्या गोडाचा वाडगा घेऊन. मुलांनी आजीकडे पाहिलं, मग बापाकडे पाहिलं. बाप टेबलावर सांडलेले पावाचे कण बोटाने गोळा करत होता. कण संपले तरी त्याचं बोट फिरत राहिलं.

डिग्नाला खोटं बोलता येत नसे. तिला तोंडावर बोलता यायचं, आणि गप्प बसता यायचं. त्यामुळे तिने हे वाक्य म्हटलं तेव्हा मला ते खोटं वाटलंच नाही. क्षणभर मलाही वाटलं, असेल बंद.

कार्ताहेना या किनाऱ्यावरच्या शहरात आमची तोरिसेसची वस्ती समुद्राला पाठ करून बसली आहे. गल्लीच्या टोकाला मोठा रस्ता, रस्त्यापलीकडे वाळू. वारा फिरला की घरातल्या मिठाच्या बरणीला पाणी सुटतं. आणि या गल्लीत डिग्ना पोहण्याचे कपडे शिवायची. किनाऱ्यावर टोपल्या घेऊन फिरणाऱ्या बायका ते तिच्याकडून घेऊन जात आणि डोंगरातून आलेल्या पांढऱ्याफटक पाहुण्यांना विकत. तिच्या पुढच्या खोलीत दोरीवर ते कपडे टांगलेले असत. पंखा लागला की सगळे एकदम हलायचे. आत कोणी नसलेली माणसं. रात्री लाईट गेले की ती खोली ओलांडायला मला नको वाटायचं.

तिला स्वतःला मी कधी पाण्यात पाहिली नाही. विचारलं तर म्हणायची, “लहानपणी पोटभर प्यायलेय मी समुद्र. आता तहान नाही.”

ती समोरच्या बेटावरची. बाप मासेमार. गुड फ्रायडेच्या आदल्या दिवशी, गुरुवारी दुपारी, बाप होडी वाळूवर ओढून पालथी घालायचा आणि वल्ही घरात आणून खाटेखाली ठेवायचा. तिथून शनिवारी दुपारी बाराला घंटा वाजेपर्यंत गावातलं कोणी पाण्याला पाय लावायचं नाही. त्या दिवशी देव मेलेला असतो, समुद्रावर कोणाची नजर नसते. जो आत जातो त्याचा मासा होतो. हे मुलांना सांगायचं. मोठी माणसं आपसात मासा म्हणत नसत. ती म्हणत, जो आत जातो तो परत येत नाही. त्याच्यासारखं दिसणारं काहीतरी येतं.

हे आमच्याकडे सगळ्यांनाच माहीत आहे. बहुतेकांना ते हसत हसत माहीत आहे. माझी आईसुद्धा शुक्रवारी झाडू लपवायची, सुरी कपड्यात गुंडाळून ठेवायची, आणि तरी आम्ही मागच्या दाराने किनाऱ्यावर पळालो तर न पाहिल्यासारखं करायची. डिग्नाला मात्र ते हसू माहीत नव्हतं. तिला एक मुलगी होती, मारेल्विस. आणि मारेल्विस एका शुक्रवारी पाण्यात गेली होती.

तेव्हा ती एकोणीसची. आईने शिवलेले कपडे किनाऱ्यावर विकायला जायची, कारण सुट्टीच्या त्या आठवड्यातच सगळ्यात जास्त गिऱ्हाईक. तिथे सोगामोसोहून एका तंत्रशाळेची सहल आलेली. थंड डोंगरातली पोरं, बुटांत वाळू गेली म्हणून बूट झटकत बसलेली. त्यातला एक, अनिबाल, पँट गुडघ्यापर्यंत दुमडून पाण्यात उभा होता. पुढे जायचं धैर्य नाही, मागे फिरायची लाज. मारेल्विस टोपली वाळूवर ठेवून त्याच्याकडे गेली. संध्याकाळी ती घरी आली तेव्हा तिचे केस ओले होते.  डिग्नाने तिला मागच्या अंगणात उभं करून डोक्यावर गोड्या पाण्याच्या बादल्या ओतल्या, बादलीमागून बादली, पोर थरथरायला लागेपर्यंत. ते ओतण्याचे आवाज मी माझ्या न्हाणीघरातून ऐकले होते.

वर्ष संपायच्या आत मारेल्विस लग्न करून सोगामोसोला गेली. तिथे तिला लिसेत झाली, मग दुवान झाला. दुवानच्या बाळंतपणानंतर ताप चढला तो उतरलाच नाही. डिग्ना बसने निघाली होती. ती वाटेत असतानाच सगळं आटोपलं. पोहोचली तेव्हा लोक तिला कोरडे हातरुमाल देत होते, आणि ती, आमच्या हवेतली, पातळ सदऱ्यात, त्या गारठ्यात उभी होती. तिथून आल्यावर ती मला एकदाच म्हणाली, “ती त्या शुक्रवारीच गेली होती. नंतरची मी उगाच सांभाळत होते.”

 मी तिच्यासाठी कॉफी केली.

*

दुवान पाच वर्षांचा होईपर्यंत नातवंडं तिला फोनच्या काचेतच दिसायची. अनिबालची बहीण त्यांना सांभाळायची. मग ती बहीण नोकरीसाठी दूर जाणार असं ठरलं, आणि नाताळात अनिबालचा फोन आला. शाळेच्या जूनमधल्या मोठ्या सुट्टीत मुलांना कुठे ठेवायचं हा प्रश्न होता. तो पोलादाच्या कारखान्यात पाळीवर असे. त्याने स्पष्ट सांगितलं: ईस्टरआधीच्या पवित्र आठवड्यात चार दिवस मुलांना घेऊन येतो. मुलं रमली, त्यांना यावंसं वाटलं, तर पुढे दरवर्षी मोठी सुट्टी तुमच्याकडे. नाही रमली तर त्याच्या चुलत्याकडे, शेतावर.

डिग्ना त्या दिवशी माझ्याकडे आली आणि खुर्चीवर न बसता उभीच राहिली. “परीक्षा आहे माझी,” ती म्हणाली. “या वयात.”

तिथून तिने जी तयारी चालवली ती गल्लीला पाठ झाली. मुलांना कुठे झोपवायचं, पंखा कोणत्या बाजूला, डास कुठून येतात. माझी गादी उसनी गेली. समोरच्यांचा कुलर गेला. रोज संध्याकाळी मशीन थांबली की ती दारात येऊन मला सगळा बेत पुन्हा सांगायची, आणि रोज त्यात थोडा बदल असायचा. बुधवारी रात्री ती पोहोचतील. गुरुवारी सकाळी समुद्र, दुपारच्या आत बाहेर. संध्याकाळी रिवाजाप्रमाणे सात चर्चना फेरी, वाटेत नारळाचं आईस्क्रीम. शुक्रवारी घर, तळलेला मासा, घेवड्याचं गोड, कंदाचं गोड, त्या दिवशी गल्लीत घरोघरी फिरणारे गोडाचे वाडगे. शनिवारी बाराची घंटा झाली की पुन्हा समुद्र, अंधार पडेपर्यंत. रविवारी निरोप. “दोन समुद्र बसतात,” ती म्हणायची. “एक भेटायला, एक मनसोक्त.”

लिसेत फोनवर बाकी काही ऐकूनच घ्यायची नाही. तिच्या वर्गात समुद्र न पाहिलेली ती एकटीच उरली होती. आजी, पंखा-बिंखा राहू द्या, समुद्र सांगा. केवढा आहे? संपतो का? बाईंनी एक बाटली भरून आणायला सांगितलीय.

मुलांसाठी डिग्नाने स्वतः कपडे शिवले. निळे, बाजूला पिवळी पट्टी. मापं तिने अनिबालकडून मागवली आणि त्याने ती स्वेटरवरून घेतली. त्यांच्याकडे मार्चमध्येही स्वेटर उतरवून माप घ्यायचं कोणाच्या डोक्यात येत नाही. डिग्नाला आकडे पाहून आनंद झाला. “भरली आहेत पोरं,” ती मला म्हणाली.

*

बुधवारी रात्री ती आली नाहीत. डोंगरात दरड कोसळली होती आणि बस तिथेच अडकली. गुरुवार सकाळ गेली. डिग्ना दारात खुर्ची टाकून बसली होती. दुपारचे बारा वाजले तेव्हा ती उठली, खुर्ची आत नेली, आणि पालथी घालून ठेवली. का ते मी विचारलं नाही.

गुरुवारी संध्याकाळी ती आली. सुजलेल्या पायांची, उलट्या करून पिवळी पडलेली. लिसेतने उतरताच विचारलं, “आजी, समुद्र कुठल्या बाजूला?”

अनिबाल भला माणूस. पण डोंगरातल्या लोकांची एक रीत आहे, ती आमच्या गल्लीला नवी होती: तो सगळ्यांना अहो-जाहो करायचा. स्वतःच्या पोरांनासुद्धा. “दुवान, तुम्ही आधी हात धुवा.” “लिसेत, आपण जरा सरकता का.” गल्लीतल्या पोरांनी तासाभरात ते उचललं. दुवानला पाहिलं की वाकून म्हणायची, “या दुवानसाहेब, आपण पेरू घेणार का?” दुवानही गंभीरपणे म्हणायचा, “घेतो.” रात्री झोपेपर्यंत मुलं बदलली. लिसेत डिग्नाला मिठी मारून म्हणाली, “आजी, तू गरम आहेस.” अनिबालने चमकून पाहिलं. डिग्ना त्या एका ‘तू’वर रात्रभर जगली असती.

पण त्याच जेवणावर अनिबालने सांगितलं की परतीची बस शनिवारी पहाटेची आहे. रविवारी सगळे रस्ते तुंबतात, शनिवार रात्रीच्या जागा महिन्याभरापूर्वीच संपल्या, सोमवारी त्याची पाळी. त्याने हे फोनवर सांगितलं होतं असं तो म्हणाला. नव्हतं सांगितलं. किंवा सांगितलं असेल, आणि डिग्नाच्या डोक्यात शनिवार म्हणजे घंटा आणि समुद्र एवढाच शिरला असेल. आमच्याकडे शनिवारी पहाटे कोणी निघत नाही. ती कल्पनाच तिच्याकडे नव्हती.

दोन्ही समुद्र गेले. उरला तो मधला दिवस.

*

शुक्रवारी सकाळी मी वाडगा घेऊन गेले तेव्हा मुलं ते निळे कपडे घालूनच न्याहारीला बसली होती. दुवानचा कपडा खांद्यावरून घसरत होता, लिसेतने कमरेपाशी मूठ धरली होती. “शिंपीण आजीने आम्हाला तंबू शिवलाय,” लिसेत म्हणाली, आणि सगळे हसले, डिग्नासुद्धा. त्या हसण्यातच लिसेतने विचारलं, निघायचं कधी? मग डिग्नाने ते वाक्य म्हटलं.

मुलांनी ते मानलं. मुलं असलं मानतात. समुद्र त्यांनी पाहिलाच नव्हता, तो शुक्रवारी बंद असेल तर असेल. रेडिओवर प्रवचन लागलं होतं. डिग्नाने त्यांना हळू चालायला सांगितलं, धावलं की देवाला लागतं म्हणून. दुवान दहा मिनिटं मांजरासारखा पाय टाकत फिरला. गोडाचे वाडगे येत राहिले, दुसरं गोड भरून परत जात राहिले. मला वाटलं, दिवस निघेल.

उन्हं तापली तशी मी लिसेतला माझ्या गच्चीवर नेलं. तिथे वारा असतो. मी मुद्दाम नेलं नाही. गच्चीवरून समुद्र दिसतो हे मला इतकं सवयीचं आहे की मला ते सुचलंच नाही. लिसेत कठड्याशी गेली. खाली, रस्त्यापलीकडे, वाळूवर छत्र्याच छत्र्या होत्या. आणि पाण्यात माणसं. शेकडो. डोंगरातली, राजधानीतली, सगळ्या देशातली माणसं आपापल्या सुट्टीचा शुक्रवार पाण्यात घालवत होती.

ती जिन्यावरून उतरली, गल्ली ओलांडली, आजीच्या दारात जाऊन उभी राहिली. ओरडली नाही. म्हणाली, “आजी, त्यांना कोणी उघडून दिला?”

डिग्नाने वर पाहिलं. मी मागे उभी होते, माझ्याकडेही पाहिलं. तिला वाटलं असेल मी हे केलं.

“ते बाहेरचे लोक आहेत,” ती म्हणाली. “त्यांना माहीत नाही. आज पाण्यात गेलं की मासा होतो.”

दुवानचा चेहरा उजळला. “खरंच? मग मला जायचंय.”

त्याने गाल आत ओढले आणि ओठ उघडबंद करायला लागला. अनिबाल हसला. ते हसू त्याने आवरायला हवं होतं. डिग्ना उठली आणि तिने दार लावून घेतलं. आत आम्ही पाच जण, रेडिओ, आणि दोरीवरचे कपडे.

अनिबाल म्हणाला, “डिग्नाबाई, मुलांना आपण खोटं सांगू नये. न्यायचं नसेल तर तसं सांगा.”

ती त्याला विनवायला लागली. तिला विनवताना मी तोपर्यंत पाहिली नव्हती. उद्या बारापर्यंत थांब. बस चुकू दे, मी दुसरी बघते, ओळखीचा ड्रायव्हर आहे, खाली बसून जा, मालाच्या गाडीने जा. एक पाळी बुडव. आजारी आहेस म्हणून सांग. त्याने प्रत्येक गोष्टीला हळू आवाजात नाही म्हटलं, कारणासकट. प्रत्येक कारण खरं होतं. खरी कारणं ऐकताना डिग्ना लहान होत गेली, आणि मग थांबली.

“तुला दोन आहेत, अनिबाल,” ती म्हणाली. “मला एकच होती.”

रेडिओवरच्या प्रवचनात क्रुसावरच्या येशूला तहान लागली होती.

“म्हणजे मारेल्विस माझ्यामुळे गेली,” तो म्हणाला. “इतकी वर्षं तुम्हाला हेच म्हणायचं होतं ना?”

“तुझ्यामुळे नाही. तू फक्त हाक दिलीस.”

“मी हाक दिली नव्हती.” त्याचा आवाज पहिल्यांदा हलला. “मला हाक द्यायचं धाडस नव्हतं. ती आपणहून आली. कपड्यांसकट आली, हसत आली. माझा हात धरून मला पुढे तिनेच नेलं.”

हे डिग्नाला नवीन होतं. एवढ्या वर्षांत तिने या माणसाला पाण्यात उभं करून ठेवलं होतं, हात हलवत, बोलावत. आता तिथे कोणी बोलावत नव्हतं. पोर स्वतःच्या पायांनी जात होती, हसत. डिग्ना खुर्चीवर बसली. 

आणि लिसेत, जी कोपऱ्यात मुठीत कपडा धरून सगळं ऐकत होती, बापाला म्हणाली, “आई तुम्हाला इथे भेटली? या समुद्रात?”

“याच.”

“मग मला आजच जायचंय,” ती म्हणाली.

आता प्रश्न वर्गाचा राहिला नव्हता, बाटलीचा राहिला नव्हता. अनिबालने मुलांचे हात धरले. डिग्नाने त्यांना अडवलं नाही. अडवलं तर मुलं परत येणार नाहीत, आणि सोडलं तर, तिच्या हिशेबाने, जी परत येतील ती मुलं नसतील. तिने माझं मनगट पकडलं. 

“तू जा त्यांच्याबरोबर,” ती म्हणाली. “तुझा विश्वास नाही, तुला काही होणार नाही. पोरांवरून नजर काढू नकोस. पापणीही लववू नकोस.”

*

मी गेले. नजर काढली नाही.

लिसेत पाण्याच्या कडेला येऊन उभी राहिली आणि पाऊल पुढे टाकेना. मला वाटलं घाबरली. मग तिने विचारलं, आई कुठे उभी होती? अनिबालने इकडे तिकडे पाहिलं. इतक्या वर्षांत वाळू सरकली होती, दगडी बांध नवा आला होता. त्याला जागा सापडत नव्हती हे मला दिसत होतं. मग त्याने एका बाजूला बोट दाखवलं, ठामपणे. लिसेत त्या जागी गेली. दुवानने पहिली लाट तोंड उघडून घेतली, खोकला, रागावला, आणि पुन्हा तोंड उघडलं. सैल कपड्यात पाणी भरून तो फुग्यासारखा तरंगला. अनिबाल पँट गुडघ्यापर्यंत दुमडून उभा होता. लिसेतने येऊन त्याचा हात धरला आणि ओढला. तो गेला. छातीपर्यंत गेला. तो पाण्यात रडला असेल तर ते कोणाला कळणार नव्हतं, आणि मी कळून घेतलं नाही.

मी सारखी मोजत होते. एक, दोन. एक, दोन. माझा विश्वास नाही. तरी एकदा लाटेमागे दुवानचं डोकं दिसेनासं झालं तेव्हा मी अंगाला लपेटलेला टॉवेल टाकून कमरेपर्यंत पाण्यात शिरले होते.

परतताना मुलं वाळूने माखलेली, लाल, भुकेलेली. त्या दिवशी घंटा वाजत नाहीत, चर्चच्या दारात पोरं लाकडी खुळखुळे फिरवत होती, तो कोरडा कटकट आवाज सगळ्या वस्तीत भरला होता. रस्ता ओलांडताना लिसेतने बापाला विचारलं, मोठ्या सुट्टीत इथेच यायचं का?  तो म्हणाला, “हो. मोठी सुट्टी इथेच. संपूर्ण.” दुवान रस्त्यातच उड्या मारायला लागला. अनिबाल माझ्याकडे वळून म्हणाला, “दमलो हो मी. कोणीतरी त्यांच्यावर इतकं प्रेम करणारं पाहिजे.”

मला पळत जाऊन डिग्नाला सांगावंसं वाटलं. जिंकलीस बाई. मी पळाले नाही. मुलांनाच सांगू दे म्हटलं.

*

दार उघडं होतं. तिने टेबल मांडलं होतं. तळलेला मासा, नारळाचा भात, गोडाचे चार वाडगे. रेडिओ बंद. दोरीवरचे सगळे कपडे काढून तिने कपाटात कोंबले होते, आणि ती त्या रिकाम्या दोरीखाली उभी होती.

“आजी,” लिसेत धावत आत गेली, “आम्ही जूनमध्ये येणार, सगळी सुट्टी येणार, बाबा हो म्हणाले!”

आणि मिठी मारायला तिने हात पसरले.

डिग्ना मागे सरली. एक पाऊल, मग दुसरं, पाठ भिंतीला टेकेपर्यंत. तिने ते ठरवून केलं नाही. एखाद्याच्या तोंडावर पाणी मारलं की डोळे मिटतात तसं ते झालं. ती मुलीच्या केसांकडे बघत होती. ओले, मिठाने जड झालेले, कपाळाला चिकटलेले. ते केस कोणाचे होते हे मला सांगायला नको.

लिसेत थांबली. तिला आधी कळलं नाही, मग कळलं. तिच्यामागे दुवानने पुन्हा गाल आत ओढून माशाचं तोंड केलं, आजी हसेल म्हणून, मघाशी बाबा हसले होते म्हणून. कोणी हसलं नाही. त्याचे ओठ एकदा मिटले, उघडले, आणि तसेच राहिले.

“आजी, मी तीच आहे,” लिसेत म्हणाली. तिचा आवाज बारीक झाला होता. “काही नाही झालं मला. हात लावून बघ ना.”

तिने हात पुढे केला. तळव्याला वाळू चिकटलेली. डिग्नाचा हात उचलला गेला, मी पाहिला, अर्ध्या वाटेपर्यंत आला. बोटं उघडली होती. तिने प्रयत्न केला, हे मी कोणालाही सांगेन. तो हात तिथे थांबला, आणि मग तिने तो स्वतःच्याच छातीशी ओढून धरला, दुसऱ्या हाताने, जणू तो कोणीतरी तिच्याकडून हिसकावत होतं.

अनिबाल दारातच उभा होता. त्याने मुलीचा पुढे आलेला हात पाहिला, भिंतीला टेकलेली सासू पाहिली. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता. रस्त्यात त्याने जे दिलं होतं ते त्याच्या चेहऱ्यावरून हळूहळू निघून जाताना मला दिसलं.

“लिसेत,” तो म्हणाला, “तुम्ही इकडे या.”

ती गेली नाही. हात तसाच पुढे धरून उभी राहिली. तिच्या कपड्यातून पाणी ठिबकत होतं, फरशीवर तिच्या पायांभोवती त्याचं तळं होत होतं, आणि ते सरकत सरकत डिग्नाच्या अनवाणी पायांकडे निघालं होतं. डिग्नाने ते पाहिलं. भिंतीच्या कडेकडेने, कोणालाही अंग न लावता, ती सरकत गेली. मुलीला वळसा घातला, मुलाला वळसा घातला. अनिबाल बाजूला झाला. माझ्याजवळून जाताना मी तिचं नाव घेतलं. तिने माझ्याकडे पाहिलं नाही, आणि ती दाराबाहेर पडली.